सव्वीस आठवड्यांनंतरचा गेटपास

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आतले सरकणारे दांडे, तपासणं हे माझं काम. मायक्रोमीटरवर दोन-तीन मायक्रॉन इकडचे तिकडे झाले की पीस लाल ट्रेमध्ये जातो. घर येळ्ळूरला, माहेर नेसरीजवळ. म्हणजे सासर कर्नाटकात नि माहेर महाराष्ट्रात, आमच्याकडं निम्म्या घरांतून असंच असतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं तेव्हा बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा. ‘गडहिंग्लजला झालीस तर बेळगावचं ऑफिस पैसे देईल काय गे?’

देतं. ईएसआय केंद्राचं आहे, त्याला राज्याची हद्द नसते. फक्त कागद आपल्याजवळ हवेत.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर आपण ईएसआयमध्ये असतो. आपल्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे हजारामागं साडेसात रुपये कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. बाळंतपणाच्या रजेचा पगार मग कंपनी देत नाही, ईएसआय देतं, सरासरी रोजाच्या पूर्ण दरानं, २६ आठवडे. अट एवढीच, की आधीच्या एक किंवा दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. सहामाही धरतात ती एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सरासरी काढताना ओव्हरटाइमही धरतात, कारण त्यावरही वर्गणी कापलेली असते. एक्स्पोर्टच्या ऑर्डरीसाठी उन्हाळ्यात थांबले होते त्या तासांचे पैसे मला असे दुसऱ्यांदा कामाला आले. पगार २१,००० च्या वर असेल किंवा कंपनी ईएसआयमध्ये नसेल, तर मातृत्व लाभाच्या कायद्याखाली कंपनीनं स्वतः पगार द्यायचा. तो कायदा १९६१ चा, आता तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवड्यांचे २६ झाले. त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर मात्र १२ आठवडेच.

मी दोनच आठवडे आधी घेतले. पोट घेऊन स्टुलावर बसून गेज लावता येत होतं, तोवर लावलं. रजा बाळ झाल्यावर जास्त लागते, हे सगळ्या बायकांनी सांगितलेलं. २०२४ च्या जानेवारीत मुलगी झाली.

पैसे मिळायला वेळ लागला तो नावावरून. नोकरीला लागले तेव्हा ईएसआयला माहेरचं नाव लागलेलं, लग्नानंतर आधार आणि बँकेचं खातं सासरच्या नावानं झालेलं. कार्यालयातल्या माणसानं फाइल उघडली, मिटली, आणि ‘दोन बायका आहेत ह्या’ म्हणाला. चिडून नाही, अगदी सहज. दुरुस्ती कंपनीच्या लॉगिनमधून व्हावी लागते, सोबत लग्नाचा दाखला जोडायचा. मी तेव्हा माहेरी, बाळ कुशीत. आमचे हे दर दोन दिवसांनी कंपनीत जाऊन एचआरच्या सरांसमोर उभे राहायचे. अजून दिवस गेलेले नसतील तरी पोरींनो, आधार, बँक आणि विमा क्रमांकावरचं नाव एकदा ताडून बघा. बाकी दाखल्यांची पळापळ कशीही निभते.

दुसरी गोष्ट अंगणवाडीत कळली. पहिल्या बाळासाठी केंद्राची पाच हजारांची मातृवंदना योजना आहे, तिचा फॉर्म घेऊन गेले तर ताईंनी विचारलं, ‘ईएसआयचं मिळतंय न्हवं?’ कायद्यानं असाच दुसरा लाभ मिळत असेल तर तो फॉर्म आपल्यासाठी नाही. ठीक आहे म्हटलं. पाच हजारांपेक्षा सहा महिन्यांचा पगार मोठा.

रजेतच सुपरवायझरचा फोन आला. ग्राहकाचं ऑडिट होतं, जुने इन्स्पेक्शन रिपोर्ट घरी बसून एक्सेलमध्ये भरून देशील काय, तासाप्रमाणं पैसे देऊ. माणूस चांगला आहे, त्याला अडचण होती. पण ईएसआयचा लाभ चालू असताना पगारी काम करायचं नाही, ही त्या लाभाचीच अट आहे, आणि काम केलेलं नाही असं लिहून द्यावं लागतं. तसं सांगितल्यावर तो ओशाळला आणि बिचारा मला फोनवर फाइल कुठल्या कपाटात आहे एवढंच विचारून थांबला.

इथवर सगळं कागदाचं काम होतं. कागदाला वाट असते.

जुलैच्या सुरुवातीला रजा संपली. येळ्ळूरच्या शिवारात तेव्हा भाताची भांगलण ऐन भरात असते. आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. ‘भांगलणीला बायका मिळंनात, आनि मी पाळणा हलवत बसू काय?’ त्यांचं चुकत नव्हतं. तीन एकर भात त्यांच्या जिवावर उभं असतं, आणि नातीचा त्यांना लळाही माझ्याहून जास्त. थोडे दिवस आई येऊन राहिली. मग जाऊबाईंनी सांभाळलं, पण त्यांची स्वतःची दोन शाळेची. अनगोळात एक पाळणाघर बघितलं, ते वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत.

पहिल्या आठवड्यात अकरा वाजले की दूध दाटायचं. ॲप्रनवर ओल यायची. फर्स्ट-एड रूमला आतून कडी नव्हती, म्हणून पॅकिंगमधली एक जण दाराला पाठ लावून बाहेर उभी राहायची आणि मी आत दूध काढायची. हाताला कूलंटचा, मशीनवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा वास. तो साबणानं जात नाही, बेसनानं थोडा जातो. मी घरून बेसनाची पुडी आणायची आणि नळावर हात चोळत बसायची. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना हे ठाऊक होतं, असं मला पुढं कायदा वाचताना वाटलं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टी, जेवणाच्या सुट्टीखेरीज, हे त्यात १९६१ पासून होतं. आमच्या शॉपमध्ये ते कोणी मागितलेलं नव्हतं, कारण पाजायला मूल जवळ कुठं होतं?

पाळणाघराचं कलम मला आमच्या युनियनवाल्या काकांनी दाखवलं. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. शिवाय कामाला लागतानाच प्रत्येक बाईला हे लेखी कळवायचं. माझ्या नेमणूकपत्रात ओव्हरटाइमपासून बुटांपर्यंत सगळं होतं, हे नव्हतं.

एचआरच्या सरांकडं गेले. ते म्हणाले, ‘आपल्याला लागू नाही मॅडम. तीसच्या वर बायका लागतात. आपल्याकडं चौदा.’

ते खोटं बोलत नव्हते, हे मुद्दाम सांगते. कारखाना कायद्यात, १९४८ च्या, तसंच होतं: तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर. त्यांनी कॉलेजात तेच पाठ केलेलं. पण २०१७ च्या दुरुस्तीनं मोजायची पद्धतच बदलली. पन्नास मोजायचे ते बायका नाहीत, सगळे कर्मचारी. पुरुषसुद्धा. आमच्याकडं पगारपत्रकावर शंभराच्या वर नावं आहेत. मी छापून आणलेलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हे वर दाखवावं लागेल.’

मला त्या मोजणीत फार अर्थ दिसतो. तीसच्या वर बायकांची अट असली की एकतिसावी बाई घ्यायचीच नाही, एवढं गणित कोणाही मालकाला जमतं. उद्यमबागेत आणि मच्छेत अशी कितीतरी शॉप आहेत जिथं बायकांचा आकडा वर्षानुवर्षं विसाच्या पुढं सरकत नाही. सगळ्या माणसांची मोजणी केली की बाई न घेण्यात नफा उरत नाही.

वर दाखवणं म्हणजे मालकांना दाखवणं. अर्ज मी लिहिला, चौदाही जणींनी सह्या केल्या, ज्यांची मुलं कॉलेजला आहेत त्यांनीसुद्धा. अर्जात कायद्याचं कलम एका ओळीत घातलं आणि बाकी पानभर दुसरंच लिहिलं: बाळंतपणानंतर किती इन्स्पेक्टर मुली परत आल्या नाहीत, आणि त्यांच्या जागी आलेल्यांच्या हाताखालून पहिल्या सहा महिन्यांत किती लॉट ग्राहकाकडून परत आले. स्पूल तपासायला हात तयार व्हायला वेळ लागतो. मायक्रोमीटर जास्त दाबला तरी रीडिंग चुकतं, सैल धरला तरी चुकतं. मालक स्वतः लेथवर उभे राहून मोठे झालेले. कलमाच्या ओळीवरून त्यांची नजर सरकली, लॉटच्या ओळीवर थांबली.

‘मुलं शॉपच्या आवारात नकोत,’ एवढं ते म्हणाले. त्यात तथ्य होतं. फोर्कलिफ्ट, धातूच्या चिप्स, तेल. पण केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळणाघर कामाच्या जागी किंवा ५०० मीटरच्या आत असावं असं आहे, आणि कायदा म्हणतो की ते स्वतंत्र असो वा दुसऱ्यांबरोबर सामाईक, चालेल. ह्या ‘सामाईक’मुळं आमचं काम झालं. आमच्या गल्लीत शेजारी-शेजारी अजून दोन युनिट आहेत. एका ठिकाणी माणसं पन्नासच्या वर. दुसरीकडं पंचवीस-तीसच, त्यांना कायदा लागूही नाही, पण त्या मालकांची सूनबाई ऑफिसात अकाउंट बघते आणि तिचा मुलगा दोन वर्षांचा. सगळ्यात आधी होकार त्यांचाच आला.

मागच्या रस्त्याला एका घराचा तळमजला भाड्यानं मिळाला. दोन खोल्या, मोरी, पुढं फरशीचं अंगण. सांभाळायला मजगावच्या एक मावशी आल्या, आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांच्या हाताखाली एक मुलगी. भाडं आणि मावशींचा पगार तिन्ही कंपन्या माणसांच्या प्रमाणात वाटून घेतात.

पाळणे लोखंडी आणले होते, पण मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, लहानगी झोळीशिवाय झोपत नाहीत, साडी बांधू. छताला जुना हूक होता. आमचा मेंटेनन्सचा फिटर गोकाककडचा. तो शिडी घेऊन आला, हूक बघितला, काही बोलला नाही, शॉपमध्ये परत गेला आणि ट्रॉलीवरून बिडाची एक रिजेक्ट झालेली व्हॉल्व्ह बॉडी घेऊन आला. चाळीस किलोच्या आसपास असेल. साखळीनं ती हुकाला टांगली आणि जेवणाच्या सुट्टीपासून सुट्टी होईपर्यंत तशीच ठेवली. मधे दोनदा येऊन झोका देऊन गेला. संध्याकाळी हुकाच्या मुळाशी टॉर्च मारून बघितलं, प्लॅस्टरला केसाएवढीही चीर नव्हती. तरी त्यानं शेजारी नवा अँकर बोल्ट ठोकला आणि दोर दोन्हीला मिळून बांधला. ‘एनू आगंगिल्ल री अक्का,’ म्हणाला. काही होणार नाही, याची त्याला खात्री होती, कारण ती त्यानं करून घेतली होती. आमच्या शॉपमध्ये क्रेनच्या हुकाचीसुद्धा इतक्या प्रेमानं तपासणी होताना मी बघितली नाही.

पाळणाघर सुरू झालं तेव्हा मुलगी वर्षाची होत आली होती. म्हणजे माझे सगळ्यात अवघड महिने तसे निघून गेले होते. पण दिवसातून चार वेळा जाणं हा नवाच घोळ झाला. आमच्याकडं गेटबाहेर पाऊल टाकायचं तर गेटपास लागतो: सुपरवायझरची सही, वेळ, कारण. दर वेळी मी पुस्तक घेऊन त्यांना शोधत शॉपभर हिंडायची, ते सीएनसी मशीनच्या मागं कुठंतरी वाकलेले. पाच मिनिटं सहीत, चार मिनिटं चालण्यात. आणि ‘कारण’ ह्या रकान्यात रोज चार वेळा ‘मूल’. सिक्युरिटीवाल्या अण्णांनीच एक दिवस सुचवलं, की कॅन्टीनवाल्या पोराला जसा महिन्याचा पास आहे तसा तुम्हाला का नको? खरंच, का नको? एचआरच्या सरांनी आठवड्यात पिवळे पास छापून दिले, महिन्याला एक सही. त्यांनाही आता ह्या प्रकरणात गोडी लागली होती, असं दिसत होतं. शेजारच्या युनिटच्या एचआरला फोनवर ते कलम समजावून सांगताना मी त्यांना ऐकलं.

सुपरवायझरनं मात्र काही दिवस वहीत वेळा टिपल्या. मी गेले किती वाजता, आले किती वाजता. मी काही बोलले नाही. महिन्याअखेरीस त्यांनी माझे तपासलेले नग मोजले आणि वही बंद केली.

निपाणीची माझी मावशी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती एकदा बघायला आली. खोलीभर फिरली, खिडक्या उघडून बघितल्या, नाचणीच्या सत्वाचा डबा हुंगला. ‘आमच्या टायमाला पोरगं वखारीतच पोत्यावर निजायचं. खकाणा बसू नये म्हणून तोंडावर पदर टाकायचा, आनि पदर सरकला काय बघायला मुकादम सोडायचा न्हाई.’ विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यातही पाळणाघराचं कलम होतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘असंल बाई,’ आणि झोळीला हळूच झोका दिला.

आमच्या सीएनसीवरच्या एका ऑपरेटरची बायको खाजगी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्यूट्या बदलत्या. त्यानं विचारलं, माझी मुलगी ठेवली तर चालेल का? एचआरचे सर पुन्हा पुस्तक काढून बसले. चार वेळा जायचा हक्क कायद्यात आईचाच लिहिलाय, बापाचं नाव त्यात कुठं नाही. खाजगी नोकरीत बापाला बाळंतपणाची रजासुद्धा कुठल्या कायद्यानं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची आहे. पण पन्नास मोजताना तर पुरुष मोजलेत, मग जागा देताना का वगळायचे, असं आमचं म्हणणं. मालक म्हणाले, आणू दे. आता त्यालाही पिवळा पास आहे. सुरुवातीला पोरं त्याची चेष्टा करायची. तो जाताना बाटली खिशात लपवून न्यायचा, आता हातात घेऊन जातो.

जे झालं नाही तेही सांगते. पॅकिंगमधल्या मुली कंत्राटदाराकडच्या. ईएसआय त्यांचंही कापतात, पण कंत्राटदार बदलला की मधे खंड पडतो आणि मग ७० दिवस भरतात की नाही याची धास्ती. जी माझ्यासाठी दाराला पाठ लावून उभी राहायची, तिला स्वतःला दिवस गेले तेव्हा तिचे थोडे दिवस कमी पडले. ती काम सोडून खानापूरकडं गावी गेली. तिच्या गावच्या पंचायतीत ‘कूसिन मने’ आहे म्हणे, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी सरकारनं काढलेलं पाळणाघर. पण रोजगार हमीचं काम आणि शॉपमधलं काम, यांच्या मजुरीत फरक आहे. कंत्राटाच्या मुलींचं मूल आमच्याकडं घ्यायला मावशींची ना नाही, कंपनीचीही नाही. पण रजेचे पैसे कोण देणार हा प्रश्न पाळणाघरानं सुटत नाही.

दुसरं, वेळ. पाळणाघर साडेआठला उघडतं. पहिली पाळी सातला सुरू होते. म्हणून मूल असलेल्या आम्ही सगळ्या जनरल शिफ्टला, आणि पाळीचा भत्ता गेला. रक्कम मोठी नाही, पण महिन्याचं गॅस सिलिंडर त्यातून यायचं. शिवाय पहिल्या पाळीत जी मशीन चालतात त्यांच्यावरच्या नव्या कामाची ट्रेनिंग मिळत नाही ती वेगळीच. ह्यावर कायद्यात बोट ठेवायला जागा नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा मी मुद्दाम शोधून बघितलं. २६ आठवडे, पन्नासची अट, चार वेळा जाणं, सगळं तिच्यात आलंय. पाळणाघर किती वाजता उघडायचं ते नाही.

वर्क्स कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मावशींना पावणेसातला पोहोचायचं तर बस मिळत नाही. शक्ती योजनेत तिकीट फुकट आहे, पण तेवढ्या सकाळी गाडीच नाही. कंपनीची स्टाफ टेम्पो अनगोळवरून येते, ती मजगावला वळवली तर दहा मिनिटं जास्त लागतात. ड्रायव्हरला विचारलंय, तो तयार आहे. डिझेलचा हिशेब काढून मी विषयपत्रिकेत घालायला दिलाय.